न्यूनगंड, सर्पगंधा आणि फ्रॉइडच्या टेबलावरचा विष्णू

'न्यूनगंड' हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की तो कुठून बाहेरून आला असेल असं वाटतही नाही. दहावीला कमी मार्क पडलेला भाचा, इंग्रजी बोलायला घाबरणारा शेजारी, सासरी गप्प गप्प राहणारी नवी सून, सगळ्यांना हा एकच शब्द चिकटवून आपण मोकळे होतो. वर "फ्रॉइडने म्हटलंच आहे" असंही ठोकून देतो. गंमत म्हणजे न्यूनगंड फ्रॉइडचा नाहीच. तो आल्फ्रेड आडलरचा. आडलर आधी फ्रॉइडच्या गोतावळ्यातला, १९११ साली वाद होऊन बाहेर पडला आणि त्याने स्वतःचं वेगळं दुकान थाटलं.

या आडलरची एक गोष्ट कार्ल पॉपरने सांगून ठेवलेली आहे. १९१९ साली व्हिएन्नामध्ये तरुण पॉपर आडलरच्या हाताखाली गरीब वस्तीतल्या मुलांमध्ये काम करत होता. एका मुलाची हकीकत त्याने आडलरला सांगितली. ही केस काही न्यूनगंडाच्या चौकटीत बसत नाही, असं पॉपरला वाटत होतं. आडलरने मुलाला न बघताच ती झटक्यात बसवून दाखवली. एवढी खात्री कशी, असं विचारल्यावर उत्तर आलं की अशा हजार केसेसचा अनुभव आहे. पॉपरला बोलल्यावाचून राहवलं नाही, मग आता ही एक हजार एकावी! पुढे त्याने यावरूनच सिद्धान्त मांडला: जी उपपत्ती कुठल्याही घटनेने खोटी ठरूच शकत नाही, तिला विज्ञान म्हणू नये. फ्रॉइड आणि आडलर दोघंही त्यात आले.

मनोविश्लेषणावरचा हा जुना आणि अजूनही सगळ्यात बोचरा आक्षेप. पण मला कुतूहल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचं. फ्रॉइडचे शब्द आपल्या घराघरात शिरले, तो स्वतः मात्र आपल्याकडे मुक्कामाला राहिला नाही. मी राहते त्या सांताक्रूझचंच बघा. पूर्वेला प्रभात कॉलनीत योग इन्स्टिट्यूट आहे. श्री योगेंद्रांनी १९१८ साली वर्सोव्याला सुरू केलेली ही संस्था १९४८ पासून इथे आहे. तिथून रिक्षाने थोडंसं गेलं की कलिना, मुंबई विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग. चाचण्या, प्रश्नावल्या, संख्याशास्त्र. एकीकडे चित्तवृत्ती, दुसरीकडे आकडेवारी. मधल्या रस्त्यावर कोचावर आडवं होऊन मनात येईल ते बोला असं सांगणारा माणूस काही मला कधी भेटला नाही. (मुंबईत आहेत तसे काही जण. पण थोडेच.)

असं का झालं असावं, याचा शोध घेताना कोलकात्याला जावं लागतं.

गिरींद्रशेखर बोस, जन्म १८८७. पेशाने डॉक्टर. संमोहन, मनोरुग्ण, योगसूत्रं, पुराणं, सगळ्यात रस. मनोविश्लेषण ते कुणाकडे शिकायला गेले नव्हते. वाचून आणि स्वतः रुग्णांवर काम करून शिकले. १९२१ मध्ये दमनाच्या कल्पनेवरचा प्रबंध त्यांनी पुस्तकरूपाने काढला आणि सरळ फ्रॉइडला पाठवला. फ्रॉइड चकितच झाला. इतक्या लांब, कुणी न शिकवता? १९२२ साली बोसांनी पारशीबागान लेनमधल्या आपल्या राहत्या घरी भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. पॅरिसमध्ये अशी संस्था निघाली ती त्यानंतर चार वर्षांनी, १९२६ मध्ये. हे मला कळलं तेव्हा मी दोनदा तपासून पाहिलं होतं.

दोघांची गाठ कधीच पडली नाही. पत्रं मात्र पंधरा-एक वर्षं चालली. एकदा बोसांनी एका चित्रकार मित्राकडून फ्रॉइडचं काल्पनिक चित्र काढून घेतलं आणि ते त्याला धाडलं. त्यात आपण पक्के इंग्रज दिसतो, अशी फ्रॉइडने नंतर एका मैत्रिणीकडे थट्टा केली. १९३१ मध्ये फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला संस्थेने हस्तिदंती विष्णूची मूर्ती पाठवली. ती त्याने आवडीने टेबलावर ठेवली. आभाराच्या पत्रात मात्र त्याने लिहिलं, की परदेशात मनोविश्लेषणाने केलेल्या दिग्विजयाची ही मूर्ती आपल्याला आठवण देत राहील. दिग्विजय! विष्णू बिचारा ट्रॉफी झाला.

आता खरा मुद्दा. १९२९ मध्ये बोसांनी फ्रॉइडला कळवलं, की माझ्या भारतीय रुग्णांमध्ये लिंगच्छेदाचं भय युरोपीय रुग्णांइतकं ठळक दिसत नाही, आणि भारतीय पुरुषांमध्ये स्त्री होण्याची सुप्त इच्छा मात्र जास्त सहज वर येते. ही किरकोळ तक्रार नव्हती. इडिपस गंडाचा सगळा डोलारा त्या भयावर उभा होता: मुलाला आई हवी असते, बाप आड येतो, बापाच्या भयाने मुलगा ती इच्छा दडपतो आणि त्यातून त्याची सदसद्विवेकबुद्धी घडते. बोसांचं म्हणणं वेगळं होतं. माणसाच्या प्रत्येक इच्छेला तिची उलटी जोड असते. मारण्याच्या इच्छेबरोबर मार खाण्याची, पुरुष असण्याच्या इच्छेबरोबर स्त्री असण्याची. त्यातली एक वर येते, दुसरी खाली दबते. आपल्याकडे द्वंद्वांची भाषा जुनी आहे आणि बोसांचा गीता-योगसूत्रांचा अभ्यास होता, त्यामुळे त्यांना हे सुचणं स्वाभाविकच.

फ्रॉइडने उत्तरं सभ्यपणे दिली, रस दाखवला, आणि सिद्धान्त होता तसाच ठेवला. म्हणजे रुग्णाचं बोलणं तासन् तास ऐकून उभं राहिलेलं हे शास्त्र, आणि त्या शास्त्राच्याच पद्धतीने कोलकात्याच्या रुग्णांनी सांगितलेली गोष्ट मात्र त्याच्या कानाआड गेली. मनोविश्लेषणाचं बळ आणि त्याचं दुखणं एकाच जागी आहे असं मला वाटतं, ते यामुळे. समोरच्याचं ऐकायला ते शिकवतं. पण उत्तर आधीच ठाऊक असलं की ऐकणं हा नुसता उपचार उरतो. रुग्ण 'हो' म्हणाला तर सिद्धान्त बरोबर. 'नाही' म्हणाला तर तो त्याचा प्रतिरोध, म्हणजे सिद्धान्त आणखीच बरोबर!

कोचावरचा रुग्ण निदान 'नाही' म्हणू तरी शकतो. जिथे समोर माणूसच नसतो तिथे काय होतं, याचे नमुने आपल्याच देशात भरपूर आहेत. बोसांच्या संस्थेत दोन ब्रिटिश अधिकारी होते. ओवेन बर्कले-हिल हे रांचीच्या गोऱ्यांच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख. हिंदूंचा धर्म, तत्त्वज्ञान आणि स्वभाव हे सगळं गुदकामुकतेतून कसं येतं, यावर त्यांनी १९२१ मध्ये निबंध लिहिला. अख्ख्या समाजाचं निदान, तेही त्याच समाजावर राज्य करणाऱ्या सरकारच्या नोकरीत बसून. दुसरे क्लॉड डेली. त्यांनी कालीमातेवर लिहिलं आणि पुढे हिंदुस्थानातल्या क्रांतिकारकांच्या मनावरही. बॉम्ब टाकणाऱ्या तरुणाला स्वातंत्र्य हवं आहे, या साध्या शक्यतेला अशा लिखाणात जागाच नसते. साहेबावरचा राग म्हणजे बापावरचा राग, झालं. बोस या सगळ्यांना एका खोलीत कसे बसवत असतील, देव जाणे.

आणि गणपती. हे तर आपल्या दारातलं. पॉल कोर्टराइट या अमेरिकन अभ्यासकाने १९८५ मध्ये गणेशावर पुस्तक लिहिलं. महाराष्ट्रातल्या गणेशोत्सवावरही त्यात प्रकरण आहे. पार्वतीने अंगच्या मळापासून मुलगा केला, दाराशी उभा केला, शंकराने त्याचं डोकं उडवलं. गोष्टच अशी आहे की कुठल्याही फ्रॉइडवाद्याच्या तोंडाला पाणी सुटावं. त्याने सोंड, दात, मोदक सगळ्याचे लैंगिक अर्थ लावले. दिल्लीच्या प्रकाशकाने काढलेली भारतीय आवृत्ती २००३ मध्ये गदारोळ होऊन मागे घेतली गेली. लेखकाला धमक्या आल्या, हे वाईटच झालं. पुस्तक पटलं नाही तर पुस्तकानेच उत्तर द्यावं. पण धमक्यांच्या धुरळ्यात खरा प्रश्न हरवला. सोंडेचा अर्थ लैंगिक नाही, हे दाखवायचं तर कसं दाखवायचं? काय सापडलं असतं तर कोर्टराइट म्हणाला असता की माझं चुकलं? याचं उत्तर त्या पद्धतीत नाही. देव काही कोचावर येऊन "अहो, तसं नाही" म्हणत नाही.

मात्र याच गोष्टीत प्रश्न उलट विचारला की फ्रॉइड एकदम कामाचा वाटू लागतो. ए. के. रामानुजन यांनी भारतीय इडिपसवर निबंध लिहिला. त्यात त्यांच्या लक्षात आलं की आपल्या कथांमध्ये मुलगा बापाला मारत नाही. बापच मुलाचा बळी घेतो. ययातीला पुरू आपलं तारुण्य देतो. भीष्म बापाच्या लग्नासाठी आयुष्यभर ब्रह्मचारी राहतो. गणपतीचं डोकं बापाने उडवलं. खांडेकरांची 'ययाति' आपण सगळ्यांनी वाचली, पण पुरूच्या बाजूने विचार किती जणांनी केला? फ्रॉइडने बाप-मुलाच्या झगड्यावर बोट ठेवलं नसतं तर हा प्रश्न कुणाला पडला नसता. त्याचं उत्तर आपल्याकडे लागू पडत नाही, प्रश्न पडतो. मला वाटतं बोस १९२९ साली हेच सांगत होते.

आता घरातली एक गोष्ट. चुलतभावंडांना विचारून लिहितेय, आणि नाव देणार नाहीये.

माझ्या एका आत्याला तरुणपणी फेफरं यायचं. साठच्या दशकातली गोष्ट. सांताक्रूझलाच, दोन खोल्यांत आठ माणसं. फेफरं आलं की कुणी कांदा फोडून नाकाशी धरायचं, कुणी चप्पल. एका देवऋषीने नारळ उतरवून दिला. मग एका डॉक्टरांनी सांगितलं, हा हिस्टेरिया आहे, मनाचा खेळ आहे, लग्न करून द्या, सगळं ठीक होईल. पुढे दोनेक वर्षांनी एका मोठ्या रुग्णालयात मेंदूचा आलेख काढला आणि तो अपस्मार निघाला. गार्डिनलच्या गोळ्या सुरू झाल्या आणि फिट्स जवळजवळ थांबल्या.

डॉक्टरांचं 'मनाचा खेळ' हे निदान म्हणजे फ्रॉइडच्या काळातून झिरपत आलेलं अर्धवट ज्ञान. यात ते एकटे नव्हते. इंग्लंडमध्ये एलियट स्लेटर यांनी हिस्टेरियाचं निदान झालेल्या ८५ रुग्णांचा नऊ वर्षांनी पाठपुरावा केला आणि १९६५ मध्ये निष्कर्ष छापले. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांमध्ये पुढे शारीरिक आजार सापडले होते. काहींचा तोवर मृत्यूही झाला होता. लक्षणाला अर्थ असतो हे मनोविश्लेषणाचं मोठं देणं, पण प्रत्येक लक्षणाला अर्थ असतोच असं धरून चाललं तर मेंदूतला बिघाड दिसायचा राहतो.

पण आत्याची गोष्ट गोळ्यांशी संपत नाही. सत्तरी उलटल्यावर एका दुपारी तांदूळ निवडता निवडता ती अचानक बोलायला लागली. पाहुणे आले की तिला आतल्या खोलीत बसवून बाहेरून कडी घालायचे. बघायला आलेल्या मुलाकडच्यांना सांगायचे की ती मावशीकडे गेलीय आणि धाकटीला पुढे करायचे. फिट येऊन गेल्यावर शुद्धीवर येताना सगळ्यात आधी कडीचा आवाज ऐकू यायचा, असं ती म्हणाली. तास-दीड तास बोलत होती. मी विचारलं, हे आधी कुणाला सांगितलं नाहीस? तर म्हणाली, "अगं, गोळी घेतलीस का एवढंच विचारायचे सगळे."

गोळीने फेफरं थांबवलं, आणि तेच व्हायला हवं होतं. त्या कडीचं काय करायचं हे मात्र गोळीला ठाऊक नव्हतं.

गोळ्यांचा इतिहास तर मुंबईशी अगदी जवळून जोडलेला आहे. बोसांनी विष्णू पाठवला त्याच १९३१ साली, कोलकात्यातच, गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस (हे बोस वेगळे) यांनी सर्पगंधा ही वनस्पती वेडावर आणि रक्तदाबावर गुणकारी असल्याचं लिहिलं होतं. १९४९ मध्ये केईएमचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा अभ्यास इंग्लंडच्या नियतकालिकात छापला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातलं रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. पुढच्याच वर्षी अहमदाबादच्या डॉ. हकीमांचे मनोरुग्णांवरचे प्रयोग न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात आले. ते वाचून नेथन क्लाइन यांनी ते औषध तिथल्या मनोरुग्णालयात वापरायला घेतलं. त्याच सुमारास फ्रान्समध्ये क्लोरप्रोमझिन निघालं होतं. अमेरिकेत मनोविश्लेषणाचं राज्य होतं, ते पुढच्या तीसेक वर्षांत औषधांनी खालसा केलं. त्यातला एक वार आपल्या परसातल्या मुळीने केला, याची मला थोडी गंमत वाटते. रेसर्पिनने काही जणांना उलट खिन्नता येते असं दिसू लागलं आणि मनोविकारांसाठी ते मागे पडलं, तो भाग वेगळा.

मुंबईत मनोविश्लेषक आलेच नाहीत असं नाही. १९३८ मध्ये मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांमुळे एमिलिओ सेर्वादिओ हा इटालियन मनोविश्लेषक देश सोडून मुंबईत आला आणि युद्ध संपेपर्यंत भारतात राहिला. स्थानिक मंडळीही तयार झाली. पण आठवड्यातून चार-पाच वेळा, दरवेळी पाऊण-एक तास, वर्षानुवर्षं, आणि दरवेळी फी! लोकलने दोन तास जाऊन-येऊन करणाऱ्या कारकुनाने हे कुठून जमवायचं? शिवाय मनातलं बोलायला आधी कुणी ऐकत नाही अशी जागा लागते. दोन खोल्यांच्या घरात ती नव्हती. मनातही कितपत असेल? सत्तर-ऐंशीच्या दशकांत मुंबईतल्या रुग्णांबरोबर काम केलेले अॅलन रोलंड यांनी १९८८ च्या पुस्तकात लिहिलं, की इथल्या माणसाचा 'मी' कुटुंबात विणलेला असतो, आणि युरोपातल्या सुट्या 'मी'साठी शिवलेला अंगरखा त्याला बसत नाही.

मराठीत फ्रॉइड राहिला तो साहित्यात. मर्ढेकरांनी १९४२ च्या 'रात्रीचा दिवस'मध्ये संज्ञाप्रवाह आणला, कानेटकरांचं 'वेड्याचं घर उन्हात' १९५७ मध्ये रंगभूमीवर आलं. समीक्षकांनी 'नेणीव' हा संतांच्या वापरातला शब्द उचलून अबोध मनाला लावला. संतांच्या नेणिवेत अज्ञान आहे, कधी निरागसपणाही. फ्रॉइडच्या नेणिवेत दडपलेलं, धडका मारणारं काहीतरी. एकाच शब्दात दोन बिऱ्हाडं राहतात आणि आपल्याला पत्ताही नसतो.

दवाखान्यात मात्र वाट वेगळी निघाली. केईएमचे डॉ. वाहिया आणि सहकाऱ्यांनी पतंजलीच्या कल्पनांवर आधारलेली उपचारपद्धती तयार केली: आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान. १९७३ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती तुलनेची. दुसऱ्या एका गटाला वरून तसेच दिसणारे व्यायाम दिले, पण मन एकाग्र करण्याचा भाग काढून टाकला. म्हणजे आपलं म्हणणं खोटं ठरायला जागा ठेवली. फ्रॉइडने असं कधी केलं नाही. त्यानंतर आला अल्बर्ट एलिस. हाही मुळात मनोविश्लेषक, कंटाळून पन्नाशीच्या दशकात बाहेर पडलेला. त्याची विवेकनिष्ठ पद्धत किशोर फडके यांनी आपल्याकडे रुजवली. दोघांचा पत्रव्यवहार कित्येक वर्षं चालला. पत्रांनीच विद्या मिळवायची ही बोसांची परंपरा म्हणायची :) मराठी मध्यमवर्गाला एलिस मानवला यात नवल नाही. मनाला दटावून, समजावून वळणावर आणायची सवय आपल्याला मनाच्या श्लोकांपासून आहे. मनाचं आधी ऐकून घ्यायची सवय तेवढी नाही.

तर मग फ्रॉइडचं उरलं काय? बऱ्यापैकी उरलं. आपल्या मनात चालणाऱ्या बहुतेक गोष्टी आपल्याला कळत नाहीत, हे आता प्रयोगशाळेतही मान्य आहे, फक्त ती नेणीव फ्रॉइडच्या नेणिवेइतकी नाट्यमय नाही. बालपणीचं नातं पुढे पुरतं, हे जॉन बोल्बीने मुलांचं प्रत्यक्ष निरीक्षण करून दाखवलं. तोही मनोविश्लेषकच, पण खोलीबाहेर पडून बघणारा. स्वप्नांच्या ठराविक अर्थांचं आणि इडिपसच्या सार्वत्रिकतेचं मात्र मला फारसं काही शिल्लक दिसत नाही.

या सगळ्याचा हिशेब एका बाईने फार गंभीरपणे मांडला, तोही इथून फार लांब नाही, पवईला. भार्गवी दावर. आयआयटीत तत्त्वज्ञानात संशोधन करत असताना त्यांनी हाच प्रश्न घेतला, मनोविश्लेषण हे नक्की कुठल्या जातीचं ज्ञान आहे? अडॉल्फ ग्रुनबाउमने १९८४ मध्ये पॉपरपेक्षाही कडक तपासणी केली होती. त्याचं म्हणणं, फ्रॉइडचे दावे खोटे ठरवता येतात, पण कोचावरचा पुरावा विश्लेषकाच्या सूचनांनी गढूळ झालेला असतो. दावर आणि परमेश्वर भट यांचं पुस्तक १९९५ मध्ये आलं. मनोविश्लेषणाला भौतिकशास्त्राच्या मापाने मोजू नका, ते माणसाविषयीचं शास्त्र आहे आणि त्याला त्याच्या जातीचे निकष लावा, ही त्यांची बाजू. मला ती पूर्ण पटत नाही. आत्याच्या डॉक्टरांना कुठलेच निकष नव्हते, त्याची किंमत काय झाली ते मी पाहिलंय.

पण दावर हे पुस्तकी हौसेने विचारत नव्हत्या. त्यांच्या आईला मनोरुग्णालयांत दिवस काढावे लागले होते आणि ते त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. १९९९ मध्ये त्यांनी पुण्यात आईच्याच नावाने बापू ट्रस्ट काढला. पुण्यातल्या वस्त्यांमध्ये त्यांच्या 'सेहर' या उपक्रमातले कार्यकर्ते घरोघरी जाऊन, कडी न लावता, माणसांशी बोलू लागले. २०२४ मध्ये त्या गेल्या. पवईच्या त्या पुस्तकाची प्रत मला एका मैत्रिणीने वाचायला दिली होती, अजून माझ्याकडेच आहे. तिने ती परत मागितलेली नाही, आणि मीही सध्या विषय काढत नाहीये.